हारमेन, सकाळी ८.१०, उपाशी

आमच्या घरी जो काही गोंधळ झाला त्याला मी एकटी जबाबदार आहे, हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकते. माझी नणंद सीत्स्के ते वर्षभर दर गुरुवारी सांगत आली आहे. एकदा मीच लिहून मोकळी झाले म्हणजे तिला गुरुवारी दुसरा विषय शोधावा लागेल.

मी पाणी मंडळाच्या प्रयोगशाळेत काम करते. कालव्यांचं आणि तळ्यांचं पाणी तपासते. या कामाला तेवीस वर्षं झाली. नमुना कुणी, कधी आणि कुठे घेतला हे लिहिलेलं नसेल तर मी ती बाटली उघडतसुद्धा नाही. संक्षेप चालत नाहीत. पेन्सिल चालत नाही. चुकलं तर खाडाखोड करायची नाही. चुकीच्या शब्दावर एक सरळ रेघ मारायची, बाजूला बरोबर काय ते लिहायचं आणि आद्याक्षरं व तारीख घालायची. हे नियम मीच भिंतीवर लावले आहेत. इथे ते सांगण्याचं कारण एवढंच, की पुढे जे घडलं ते निष्काळजीपणामुळे घडलं असं कुणाला वाटू नये. ते काटेकोरपणामुळे घडलं.

सुरुवात बर्फापासून झाली. माझा नवरा हारमेन सुतार आहे, खिडक्यांच्या चौकटी बनवतो. पण गावात त्याला त्यासाठी कुणी मान देत नाही. मान आहे तो बर्फमास्तर म्हणून. कालवा गोठला की बर्फाला भोकं पाडून जाडी मोजायची आणि गावाने स्केट घालून त्यावर उतरायचं की नाही ते ठरवायचं, हे त्याचं काम. आमच्या फ्रीसलँड प्रांतात महापौर बदलला तर लोक ते सावकाश पेपरात वाचतात. बर्फमास्तर शिंकला तर त्याच दिवशी चौकशीला येतात. गेल्या वर्षी जानेवारीत, तीन बिनबर्फाच्या हिवाळ्यांनंतर, बर्फ आला. शेजारचा डाउवे सकाळी सातला गिरमिट घेऊन दारात उभा राहिला, आणि हारमेन पांघरुणातून म्हणाला, "तूच मोज रे. मला उठवत नाहीये."

डाउवेने मोजलं. जिथे मोजलं तिथे अकरा सेंटिमीटर होतं. पुलाखाली चार होतं. आमचे पाद्री त्या वेळी पुलाखाली होते. त्यांना शिडी टाकून बाहेर काढलं, आणि पुढच्या रविवारी त्यांनी क्षमा या विषयावर जरा जास्तच वेळ प्रवचन दिलं.

तोपर्यंत मी सगळं वयावर ढकलत होते. हारमेन तेव्हा छप्पन्न वर्षांचा होता. पण बर्फ आलेला असताना फ्रीसलँडचा माणूस उठत नाही, याला वय हे कारण पुरत नाही. मी मागचे महिने आठवून एक यादी केली. जेवण झालं की खुर्चीतच झोप. शिडी उचलताना दम. कारण नसताना चिडचिड, आणि कारण असताना गप्प. काम करताना तो शीळ घालायचा, ती ऑक्टोबरपासून बंद. आणि आणखी एक गोष्ट, जी नवरा-बायकोत असते आणि आमच्यात बरेच महिने नव्हती. ती मी यादीत शेवटी लिहिली, पण संक्षेपात नाही.

हारमेनने यादी वाचली. बराच वेळ वाचली. मग म्हणाला, "डॉक्टरकडे जाईन. पण गावात कुणाला कळता कामा नये. शब्द दे."

मी शब्द दिला.

दवाखान्यात फोन बाउकिये घेते. ती आमच्याच गायनमंडळात गाते. फोन केला की कशासाठी भेटायचंय ते ती आधी विचारते. तसा नियमच आहे. हारमेनने दोन वेळा घसा साफ केला आणि म्हणाला, "गुडघा."

त्याला गुडघ्यासाठी वेळ मिळाली. तो गेला, आणि गुडघ्याच्या व्यायामाचा कागद घेऊन परत आला.

"आणि बाकीचं?" मी विचारलं.

"बाहेर पाटी आहे. एका भेटीत एकच तक्रार, दहा मिनिटं. गुडघ्यालाच नऊ लागली."

"अरे, पण तुझा गुडघा दुखतच नाही."

"डॉक्टरनाही तेच नवल वाटलं."

तीन आठवडे त्याने ते व्यायाम मनापासून केले. आपण दिलेल्या कारणाशी माणसाने प्रामाणिक राहावं असं त्याचं मत आहे. त्याचा गुडघा आज गावात सर्वांत चांगला असेल.

दुसऱ्यांदा फोन मी केला. "बाउकिये, कारण आम्ही डॉक्टरनाच सांगू. पण गुडघा नाही."

"मग दुसरा गुडघा?"

"हो," मी म्हणाले. विज्ञान शिकलेल्या बाईने असं खोटं बोलावं याचं मला वाईट वाटलं, पण शब्द दिलेला होता.

या वेळी मी सोबत गेले. डॉक्टर टेर्प्स्ट्रा या वयाने आमच्याहून लहान, शांत बाई. त्यांनी झोप विचारली, बिअर विचारली, गोळ्या विचारल्या, वजन केलं. मग मी बाटलीचं झाकण घट्ट आहे का विचारते त्याच आवाजात त्यांनी विचारलं, "सकाळी जाग येते तेव्हा ताठरता असते का?"

समोर डोळे तपासायचा तक्ता होता. त्यातल्या सगळ्यांत खालच्या ओळीकडे बघत हारमेन म्हणाला, "पूर्वी असायची."

"बरं झालं सांगितलंत," डॉक्टर म्हणाल्या. "टेस्टोस्टेरॉन कमी असू शकेल. असू शकेल म्हणतेय, आहे म्हणत नाही. सकाळी दहाच्या आत, काही न खाता रक्त द्या. मग बोलू."

इथपर्यंत सगळं सरळ होतं. पण आमच्या गावात रक्त घेणारी बाई मंगळवारी येते, सभागृहात बसते, आणि सभागृहाची किल्ली साडेदहाला मिळते, कारण त्याआधी तिथे म्हाताऱ्यांचा व्यायाम असतो. हारमेन मंगळवारी पहिल्या नंबरावर होता. पावाच्या दोन कापांवर चॉकलेटचा चुरा घालून, ते खाऊन, साडेदहाला. मी कामावर होते.

आकडा कमी आला. हारमेनच्या चेहऱ्यावर खूप दिवसांनी थोडं तेज दिसलं. "निघालं ना कमी? आता औषध देतील."

"हा नमुना बाद आहे," मी म्हणाले. "उशिरा घेतलेला, खाल्ल्यावर घेतलेला. हे सकाळी जास्त असतं आणि मग उतरतं. यावर कुणी औषध देणार नाही, आणि दिलं तर घेऊ नये."

"वीप्के, मी कालवा नाहीये."

हे त्याने मोठ्याने म्हटलं नाही, म्हणून जास्त लागलं. मी कप विसळले. मग म्हणाले, "एक सांग. एका भोकावरून तू बर्फ खुला करतोस का?"

पाद्री त्याच्याही डोळ्यांसमोर आले असावेत. "तीन ठिकाणी मोजतो," तो म्हणाला. "पुलाखाली वेगळं."

डॉक्टरनीही तेच सांगितलं: वेळेवर, उपाशी, आणि दोन वेळा तरी मोजल्याशिवाय नाही. शहरातल्या इस्पितळात सकाळची वेळ मिळाली. एकोणीस मार्च, आठ वाजून दहा मिनिटं. आणि इथे माझा काटेकोरपणा सुरू होतो.

ती वेळ लिहायची कुठे? स्वयंपाकघरातलं कॅलेंडर सीत्स्के दर गुरुवारी कॉफी पिताना वाचते, आमच्यापेक्षा लक्षपूर्वक. ते बाद. शिवाय, उपाशी राहायचं हे माणसाला न्याहारीच्या आधी आठवायला हवं. नंतर आठवून उपयोग नाही, हा धडा नुकताच मिळाला होता. न्याहारीच्या आधी हारमेन रोज न चुकता जिथे जातो अशी जागा घरात एकच आहे. तिथे दाराच्या आतल्या बाजूला, बसल्यावर बरोबर डोळ्यांसमोर येईल अशी वाढदिवसांची दिनदर्शिका टांगलेली आहे. आमच्याकडे सगळ्यांच्याच संडासात असते तशीच. तिच्यावर फक्त तारखा असतात, वार नसतात, वर्ष नसतं, म्हणून ती जन्मभर पुरते. आणि संडासात माणूस एकटा असतो. खाजगी गोष्टीसाठी याहून योग्य जागा मला सुचली नाही. एकोणीस मार्चच्या रेघेवर मी शाईने, स्वच्छ अक्षरात, संक्षेप न करता लिहिलं: "हारमेन, टेस्टोस्टेरॉन, सकाळी ८.१०, उपाशी."

त्याच पानावर, चार ओळी वर, पंधरा मार्चला माझं स्वतःचं नाव होतं.

संडासात माणूस एका वेळी एकटाच असतो हे खरं आहे. माझं गणित फक्त एका वेळेपुरतं बरोबर होतं. पंधरा मार्चला आमच्या बैठकीच्या खोलीत खुर्च्यांचं वर्तुळ मांडून चौदा माणसं बसली होती. प्रत्येकी दोन कप कॉफी, सफरचंदाच्या केकचा एक तुकडा, आणि मग बिअर. पहिला डाउवे उठला. परत आला तो सावकाश, आणि बसण्याआधी त्याने हारमेनच्या खांद्यावर हात ठेवला. माझ्या मते तो जास्त वेळ ठेवला. मग सीत्स्केचा नवरा रिनर्ट गेला. तो परत आल्यावर हारमेनकडे बघेना, केककडे बघू लागला. मग तीन बायका एकापाठोपाठ गेल्या आणि परत येऊन माझ्याकडे बघून हसल्या. इतक्या प्रेमाने माझ्याकडे आजवर कुणी हसलेलं नाही. मला वाटलं, केक जमला.

मग सीत्स्के गेली. ती परत आली, खुर्ची पुढे ओढली आणि वर्तुळाच्या पार पलीकडे बसलेल्या भावाला विचारलं, "हारमेन, उपाशी म्हणजे आदल्या रात्रीपासून ना?"

खोलीत एवढी शांतता झाली की बाहेर कुणाची तरी सायकल कुरकुरत गेली ती ऐकू आली.

ही शांतता टिकली असती तर बरं झालं असतं. पण आमची माणसं मदतीला तत्पर. एकाने कच्चं हेरिंग सुचवलं, कांद्यासकट. एकाने ताक. माझ्या मावसबहिणीचा नवरा म्हणाला की कालव्याच्या गार पाण्यात रोज दोन मिनिटं उतरलं की सगळं जागच्या जागी येतं. पाद्री उतरले होते, त्यांना विचारा, असं त्यावर कुणीतरी म्हणालं. डाउवे उठून घरी गेला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला ताकदीच्या पावडरचा डबा घेऊन आला. डब्यावर बैल होता. "इंटरनेटवरून मागवतो," तो हारमेनला हळूच म्हणाला, पण डाउवेचं हळूच म्हणजे बोटीवरून किनाऱ्यावर हाक मारल्यासारखं. "दोन वर्षं घेतोय. डॉक्टरबिक्टर काही नको."

मी डबा वाचला. सगळ्या घटकांना मिळून "खास मिश्रण" असं एकच नाव होतं, कशाचंच प्रमाण नव्हतं. प्रमाण न लिहिलेल्या डब्यावर मी विश्वास ठेवत नाही, मग त्यात मीठ असलं तरी. आणि आत खरोखरच काही असेल तर पुढचा आकडा खोटा येणार.

पाहुणे गेल्यावर हारमेनने खुर्च्या जागेवर लावल्या. सगळ्या, एकेक करून. मग म्हणाला, "मी जाणार नाही इस्पितळात."

"माझं चुकलं."

"हो." मग डब्याकडे बघून: "हा घेतला तर निदान कुणाला कारण सांगावं लागणार नाही."

त्याने डबा उचलला आणि कामाच्या खोलीत नेला. मी अडवलं नाही. शब्द मी मोडला होता. अडवायचा हक्क शब्दासोबतच गेला होता. चार दिवस आम्ही पाऊस आणि पावाशिवाय कशावर बोललो नाही. दिनदर्शिका काढून टाकावी असं रोज वाटायचं, पण आता काढली तर लोकांनी तो रिकामा खिळाही वाचला असता.

एकोणीसला मी साडेसहाला खाली आले आणि टेबलाशी बसले. पाव काढला नाही, कॉफी केली नाही. माझं रक्त द्यायचं नव्हतं, पण ज्याला उपाशी राहायचंय त्याच्यासमोर खाऊ नये. पावणेसातला जिन्यावर पावलं वाजली. हारमेन कोट घालून आला. त्याने माझ्यासमोरचं रिकामं टेबल बघितलं.

"तू का उपाशी?"

"उगाच."

"त्या पावडरला हात लावला नाही मी," तो म्हणाला. "आकडा चुकला असता. चल. सायकलने नको, चौदा किलोमीटर वारा तोंडावर आहे. दमून गेलं की आकडा बदलतो म्हणे."

हे त्याने कुठेतरी वाचलं होतं. मी गाडीची किल्ली घेतली.

इस्पितळाच्या प्रतीक्षालयात आठला पाच कमी असताना दोन माणसं एकमेकांपासून शक्य तितक्या लांब बसली होती. एक डाउवे. दुसरा रिनर्ट.

"कोलेस्टेरॉल," रिनर्ट कुणी न विचारता म्हणाला.

हारमेनने डाउवेकडे बघितलं. डाउवेने जमिनीकडे बघितलं. "गुडघा," तो म्हणाला.

"गुडघ्याचं रक्त?"

"बाउकियेने कारण विचारलं रे. मला दुसरं काही सुचलं नाही." मग आवाज खाली आणून, म्हणजे फक्त आमच्या मजल्यापुरता ठेवून: "ती पावडर घेऊनही माझं तसंच आहे, हारमेन. दोन वर्षं. कुणाला विचारणार? परवा तुझ्या संडासात बसलो आणि वाटलं, सुटलो. दुसराही आहे कुणीतरी."

हारमेन दोघांच्या मधल्या खुर्चीवर बसला. "पावडर घेतोस हे आत सांग. लपवू नकोस," तो म्हणाला. "आणि काही खाल्लंयस?"

"बिस्किट. एकच."

"मग आज घरी जा. पुन्हा वेळ घे. रिनर्ट, तू?"

"काळी कॉफी."

"कॉफीसुद्धा नाही. फक्त पाणी. दहाच्या आत, उपाशी, आणि एकदा मोजून भागत नाही. एका भोकावरून बर्फ खुला करतात का?"

दोघांनी मान डोलावली. कित्येक महिन्यांत मी हा आवाज ऐकला नव्हता. हा बर्फ खुला करायचा आवाज होता. औषधाचा अजून थेंबही पोटात नव्हता, त्यामुळे शास्त्रीय दृष्ट्या याला काही अर्थ नाही, पण मी नोंद केली.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण पुढे सगळं नीट झालं आणि नीट झालेल्या गोष्टी ऐकायला कुणी थांबत नाही. आकडा सकाळीही कमी, पुन्हा घेतला तरी कमी. मग विशेषज्ञाकडे चिठ्ठी, आणि तिथे नंबर लागायला नऊ आठवडे. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, हुकूम तिथून सुटतात. हारमेनचे हुकूम दुबळे निघाले. डोक्याचं चित्र काढलं, त्यात वाईट काही नव्हतं. ते कळेपर्यंतचे सहा दिवस मी लिहीत नाही.

विशेषज्ञ बाई म्हणाल्या, "हे विशीत नेणारं औषध नाही. जे कमी आहे ते भरून काढायचं, एवढंच. तीन महिन्यांनी रक्त फार दाट होत नाही ना ते बघू, प्रोस्टेट तपासू. उपयोग झाला नाही तर बंद करू."

"बर्फाआधी फरक पडेल का?" हारमेनने विचारलं.

जून महिना होता. बाई दक्षिणेकडच्या, लिम्बुर्गच्या. "कसला बर्फ?" त्या म्हणाल्या.

औषध म्हणजे रोज सकाळी खांद्याला लावायचं जेल. लावून हात साबणाने धुवायचे, वाळू द्यायचं, वर सदरा चढवायचा, आणि माझा हात त्या जागेला लागू द्यायचा नाही, नाहीतर ते मला चढेल. सीत्स्केच्या मते माझ्यात ते आधीच जास्त आहे. मी न्हाणीघरात वेळापत्रक लावलं. हारमेनने ते वाचून विचारलं की हे पाहुण्यांनाही लागू आहे का. सातव्या आठवड्यात, मंगळवारी, सात चाळीसला त्याने चौकट घासताना शीळ घातली. सूर नेहमीसारखाच चुकीचा. इतर सुधारणांची नोंदही मी ठेवली आहे; ती वही मात्र संडासात टांगलेली नाही.

रिनर्टच्या बाबतीत डॉक्टरनी फक्त घोरतो का विचारलं. उत्तर सीत्स्केने दिलं. ते दहा मिनिटांत बसलं नाही. तो आता रात्री तोंडावर यंत्र लावून झोपतो आणि दिवसा जागा असतो. डाउवेने पावडर सोडली, थांबून दोनदा मोजलं, आणि दोन्ही वेळा आकडा उत्तम आला. त्याला राग आला. "उत्तम? मग मी असा का आहे?" त्याने मला विचारलं. मी म्हटलं, ते रक्तात दिसत नाही. डॉक्टरनी त्याला गेल्या दोन वर्षांबद्दल विचारलं, आणि बायको गेल्यानंतरच्या त्या दोन वर्षांबद्दल तो पहिल्यांदाच कुणाशी तरी बोलला. आता दर बुधवारी तो आमच्याकडे जेवतो. बैलाच्या डब्यात हारमेन खिळे ठेवतो.

यंदा जानेवारीत बर्फ चारच दिवस टिकला. चारही दिवस हारमेन सातच्या आधी कालव्यावर होता. तीन ठिकाणी मोजलं, शिवाय पुलाखाली.

आणि मग परवा, एकोणीस मार्चला, सकाळी दहाला बेल वाजली. हारमेन शिडीवर चढून खिडक्या पुसत होता. दारात सीत्स्के केक घेऊन, रिनर्ट, आणि मागे डाउवे कुंडी घेऊन.

"अभिनंदन, हारमेन," सीत्स्के शिडीकडे बघून म्हणाली, आणि मग घरच्यांचंही अभिनंदन करायच्या रिवाजाप्रमाणे माझ्याशी हात मिळवला. "तुझंही अभिनंदन, वीप्के."

"कशाबद्दल? त्याचा वाढदिवस नोव्हेंबरात असतो."

"तुमच्या दिनदर्शिकेवर आहे. मी दरवर्षी तुमच्या तारखा आमच्यावर उतरवून घेते, म्हणजे कुणाचा वाढदिवस राहत नाही. आमच्याही दारामागे आहे आता. डाउवेनेही उतरवून नेलीये."

म्हणजे ती नोंद आता तीन संडासांत होती, आणि वर्ष कुठेच नव्हतं.

मी हारमेनकडे बघितलं. तो शिडीवरून उतरला, फडकं पिळलं, तीन गाल पुढे आले त्यांना गाल लावले. "किती वर्षांचा झालो मी?" त्याने विचारलं.

"एक," डाउवे म्हणाला. "पूर्ण."

ते खुर्च्यांचं वर्तुळ मांडू लागले. मी आत गेले, कडी लावली आणि त्या ओळीची कायमची व्यवस्था लावावी म्हणून पेन काढलं. एकोणीस मार्च. त्या ओळीकडे बघणं मी वर्षभर टाळलं होतं. माझं अक्षर, माझी शाई. पण "उपाशी" या शब्दावर एक सरळ रेघ होती, पट्टी धरून मारलेली. बाजूला हारमेनच्या सुतारी अक्षरात लिहिलं होतं, "केक चालेल," आणि त्यापुढे त्याची आद्याक्षरं आणि तारीख. तारीख जानेवारीतली होती, बर्फाच्या पहिल्या दिवसाची.

नोंद नियमाप्रमाणे होती. मी पेन खिशात ठेवलं आणि केक कापायला गेले.